कंपास पेटीतला हेडफोन अॅम्प: पहिल्यांदाच सोल्डरिंग हातात घेणाऱ्यांसाठी

हेडफोन चांगला घेतलाय पण मोबाईलला लावला की आवाज पुरत नाही, व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला तरी डग्ग्याची घुमक नुसती ऐकू येते, अंगावर येत नाही, असं होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालणारा, खिशात मावेल असा हेडफोन अॅम्प घरी करता येतो आणि त्यासाठी इंजिनिअर असायची अजिबात गरज नाही. दोन संध्याकाळी लागतात, फार तर तीन. मी आजवर बरेच केलेत, मित्रांना करून दिलेत, भाच्याकडून करून घेतलाय, आणि जे चुकतं ते जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच कारणाने चुकतं: लोक सगळं एकदम जोडतात आणि मग एकदम चालू करतात. तसं करू नका. थोडं जोडा, मल्टिमीटरने मोजा, मगच पुढे जा. खाली सगळं त्याच क्रमाने सांगतोय.

ह्या सर्किटला सीमॉय म्हणतात. चू मॉय नावाच्या माणसाने १९९० च्या दशकाच्या शेवटी ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं आणि अमेरिकेत लोकांनी ते अल्टॉइड्सच्या, म्हणजे पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवायला सुरुवात केली, ती डबी त्याची ओळखच झाली. आपल्याकडे ती डबी सहज मिळत नाही, पण शाळेतली पत्र्याची कंपास पेटी असतेच घरात कुठेतरी, ती उत्तम चालते.

आधी एक गोष्ट तपासा, तुम्हाला अॅम्प खरंच लागतो का. हेडफोनच्या खोक्यावर ओहम, म्हणजे करंटला होणारा अडथळा, लिहिलेला असतो. १६ किंवा ३२ ओहमचे साधे कानात घालायचे इअरफोन असतील तर मोबाईल त्यांना पुरून उरतो, अॅम्प लावून उलट थोडी खरखर वाढेल. ८० ओहम, २५० ओहम, ३०० ओहमचे मोठे हेडफोन असतील, उदाहरणार्थ सेनहायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे, बायरडायनॅमिक डीटी ७७० चं २५० ओहमचं मॉडेल येतं, तर त्यांना व्होल्टेज जास्त लागतं आणि तिथे हा अॅम्प मनापासून काम करतो.

आता डोकं थोडं इकडे द्या, कारण ही एक गोष्ट समजली की बाकी सगळं सोपं आहे. आवाजाचा सिग्नल शून्याच्या वरही जातो आणि खालीही जातो, म्हणून अॅम्पला प्लस आणि मायनस दोन्ही सप्लाय लागतात. आपल्याकडे बॅटरी एकच. मग काय करायचं, सारख्या किमतीचे दोन रेझिस्टन्स बॅटरीच्या प्लस आणि मायनसमध्ये एकामागोमाग जोडायचे, त्यांच्या मधल्या जागी बरोबर अर्धे म्हणजे साडेचार व्होल्ट मिळतात, आणि त्या मधल्या जागेलाच आपण ग्राउंड म्हणायचं. तिथून बघितलं तर बॅटरीचा प्लस साडेचार वर आहे आणि मायनस साडेचार खाली. म्हणजे ह्या अॅम्पमध्ये ग्राउंड वेगळा आणि बॅटरीचा मायनस वेगळा. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवा, कारण मोबाईल चार्जर आणि टॉर्च बघून आपल्याला मायनस म्हणजेच ग्राउंड अशी सवय असते आणि ह्या सर्किटमध्ये तीच सवय घात करते.

सामान आणायला मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत, पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तापकीर गल्ली आणि आसपास. बाकी ठिकाणी ऑनलाइन मागवा. दुकानात बऱ्याच ठिकाणी कपॅसिटरला अजून कंडेन्सर म्हणतात, आयसीच्या सॉकेटला आयसी बेस, आणि भोकांच्या रिकाम्या बोर्डाला झिरो पीसीबी, तेच शब्द वापरा, काम पटकन होतं. यादी अशी: ओपीए २१३४ आयसी एक, ८ पिनचा आयसी बेस एक, ४.७ के रेझिस्टन्स तीन (के म्हणजे हजार ओहम), १०० के दोन, १ के दोन, २.२ के दोन, सगळे मेटल फिल्म १ टक्क्याचे. कंडेन्सरमध्ये ४७० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे दोन, ०.४७ मायक्रोफॅरडचे फिल्मवाले चौकोनी दोन (त्यावर ४७४ लिहिलेलं असतं), ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक एक (त्यावर १०४). १० के चा लॉग स्टिरिओ पॉट (व्हॉल्यूमचं फिरवायचं बटण), एक छोटा स्विच, लाल एलईडी, १एन ५८१७ डायोड, बॅटरी क्लिप, साडेतीन एमएमची दोन स्टिरिओ सॉकेट, दोनतीन रंगांची बारीक वायर. रेझिस्टन्स प्रत्येकी दहा दहाच घ्या, काही रुपयांचा प्रश्न असतो आणि एक हरवला म्हणून पुन्हा गल्लीत जाण्यात अर्धा दिवस जातो.

आयसीबद्दल थोडं जास्त बोलतो. ओपीए २१३४ महाग वाटेल, त्याच्या शेजारी एनई ५५३२ खूपच स्वस्तात मिळतो आणि पिनाही सेम आहेत, मग तो का नको? आवाजाला तो वाईट नाहीच, भल्याभल्या उपकरणांत असतो. पण त्याच्या इनपुटमधून किंचित करंट वाहतो, साधारण २०० नॅनोअँपिअर, आणि तो आपल्या १०० के रेझिस्टन्समधून गेला की तिथे २० मिलिव्होल्ट उभे राहतात, पुढे अॅम्प त्याला तिप्पट करतो आणि हेडफोनवर ६० च्या वर मिलिव्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेचं स्थिर व्होल्टेज, सतत बसतं. ते हेडफोनसाठी बरं नाही. ओपीए २१३४ चं इनपुट एफईटीचं, म्हणजे जवळजवळ करंटच न घेणाऱ्या ट्रान्झिस्टरचं, असल्यामुळे हा प्रश्नच येत नाही. फक्त ह्याचे डुप्लिकेट बाजारात खूप आहेत, अगदीच मातीमोल भावात कोणी देत असेल तर घेऊ नका, जरा नाव असलेल्या विक्रेत्याकडून घ्या.

दुकानदार कदाचित म्हणेल, हे कशाला करताय, हा तयार बोर्ड घ्या, आणि पीएएम ८४०३ चा छोटासा बोर्ड हातात ठेवेल. तो स्पीकरसाठी छान आहे पण हेडफोनला कधीही लावू नका. त्यात डाव्या उजव्या दोन्ही बाजूंच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, कुठलीच वायर ग्राउंड नसते, आणि हेडफोनच्या पिनला तर दोन्ही कानांचा ग्राउंड एकच असतो, म्हणजे दोन आउटपुट एकमेकांत शॉर्ट.

हत्यारं फार नकोत. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न (टेम्परेचर सेट करता येत असेल तर ३५० डिग्रीच्या आसपास), ६०/४० ची बारीक सोल्डर वायर, कटर, एक साधा डिजिटल मल्टिमीटर, आणि सोल्डर काढायचा पंप. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका, सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, आणि घरात लहान मूल असेल तर आयर्नची वायर टेबलावरून खाली लोंबकळत ठेवू नका.

सोल्डरिंग कधीच केलं नसेल तर पहिला तास फक्त सराव करा, बोर्डाच्या एका कोपऱ्यात जास्तीचे रेझिस्टन्स लावा आणि काढा. नियम एकच: आयर्नचं टोक पाय आणि तांबं दोघांनाही टेकवायचं, दोनेक सेकंद तापू द्यायचं, मग सोल्डर वायर जोडाला लावायची, आयर्नला नाही. सोल्डर आपणहून पसरून पायाभोवती छोट्या टेकडीसारखा चढला आणि चकचकीत दिसला की झालं. गोळा होऊन बसला, मातकट दिसला तर तो ड्राय जोड, पुन्हा तापवा. नवशिक्याच्या अॅम्पमध्ये एक कान बंद असतो त्याचं कारण बहुतेक वेळा हा ड्राय जोडच असतो.

रेझिस्टन्स ओळखताना घाई नको. १ टक्केवाल्यांवर पाच पट्टे असतात, १ के म्हणजे तपकिरी काळा काळा तपकिरी, १० के मध्ये चौथा पट्टा लाल, १०० के मध्ये केशरी. फरक त्या एका पट्ट्याचा, आणि ट्यूबलाइटखाली लाल तपकिरी केशरी सगळं सारखंच दिसतं. म्हणून प्रत्येक रेझिस्टन्स लावायच्या आधी मीटरवर मोजायचा, अनुभव कितीही असो, मी अजूनही मोजतो.

पहिला टप्पा: फक्त सप्लाय

बोर्डाच्या मधोमध आयसी बेस लावा, खाच डावीकडे. वरून बघितलं की खाचेच्या खालच्या बाजूची पहिली पिन १, मग खालच्या रांगेत डावीकडून उजवीकडे २, ३, ४, आणि वरच्या रांगेत उजवीकडून परत येताना ५, ६, ७, ८. आयसी थेट बोर्डावर सोल्डर करू नका, मी पहिल्यांदा तसं केलं होतं आणि चुकीची बाजू लक्षात आल्यावर आठ पाय काढता काढता आयसीही गेला आणि बोर्डाचं तांबंही उखडलं.

आता बॅटरी क्लिपची लाल वायर स्विचला, स्विचमधून डायोडला, डायोडच्या ज्या टोकाला पट्टा आहे तिकडून पिन ८ ला. काळी वायर पिन ४ ला. डायोड कशासाठी, तर बॅटरी लावताना क्लिप उलटी टेकते, क्षणभरच, पण तेवढ्यात आयसी जातो. हा डायोड दोनतीन दशांश व्होल्ट खातो आणि आयसी वाचवतो, मूळ सर्किटमध्ये तो नाही पण मी कायम घालतो.

पिन ८ आणि पिन ४ च्या मध्ये दोन ४.७ के एकामागोमाग, आणि त्यांच्या मधला बिंदू हा आपला ग्राउंड. त्याच पद्धतीने दोन ४७० मायक्रोफॅरड: एकाचा प्लस पिन ८ ला आणि मायनस ग्राउंडला, दुसऱ्याचा प्लस ग्राउंडला आणि मायनस पिन ४ ला. कंडेन्सरच्या अंगावर पांढरट पट्टी असते ती मायनसची बाजू, लांब पाय प्लसचा. उलटा लावला तर गरम होतो, फुगतो. बऱ्याच जणांच्या सर्किटमध्ये इथे २२० असतात पण ४७० घ्या, कारण गाण्यात जड ठोका आला की हेडफोनमधला करंट ह्याच मधल्या ग्राउंडमधून परत येतो, कंडेन्सर छोटे असतील तर ग्राउंडच वरखाली हलायला लागतो आणि आवाज फाटतो. १०४ वाला छोटा सिरॅमिक पिन ८ आणि ४ च्या मध्ये, आयसी बेसच्या जितका जवळ लावता येईल तितका जवळ. शेवटी एलईडी आणि उरलेला ४.७ के एकामागोमाग, पिन ८ कडून ४ कडे, एलईडीचा लांब पाय प्लसच्या दिशेला.

आयसी लावायचा नाही अजून. बॅटरी लावा, स्विच चालू, एलईडी लागला पाहिजे. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून पिन ४ ला काळी आणि पिन ८ ला लाल टोचा, नऊच्या आसपास दिसेल. काळी तिथेच ठेवून लाल ग्राउंडवर न्या, बरोबर निम्मं दिसलं पाहिजे, दशांशभर इकडे तिकडे चालेल. एक व्होल्टपेक्षा कमी किंवा आठच्या पुढे असं काही दिसलं तर एका जागी ४.७ के ऐवजी दुसराच रेझिस्टन्स बसलाय किंवा एक जोड ड्राय आहे, ते सापडेपर्यंत पुढे जायचं नाही.

दुसरा टप्पा: दोन कान

आयसीच्या आतल्या दोन अॅम्पपैकी पिन १, २, ३ डाव्या कानाचा, ५, ६, ७ उजव्या कानाचा. डाव्याचं सांगतो. पॉटच्या डाव्या रांगेतल्या मधल्या पायावरून ०.४७ मायक्रोफॅरड कंडेन्सर, त्याचं दुसरं टोक पिन ३ ला. पिन ३ वरून १०० के ग्राउंडला. पिन २ वरून १ के ग्राउंडला. पिन २ आणि पिन १ च्या मध्ये २.२ के. पिन १ वरून वायर आउटपुट सॉकेटच्या टोकाच्या पट्टीला. झालं, एवढंच. उजव्याला ३ च्या जागी ५, २ च्या जागी ६, १ च्या जागी ७, आणि सॉकेटची मधल्या रिंगची पट्टी.

गेन म्हणजे आवाज किती पट होणार हे २.२ भागिले १ अधिक १ असं येतं, म्हणजे ३.२ पट. जुन्या सर्किटमध्ये तिथे १० के असतो आणि गेन ११ पट होतो, ते तेव्हाच्या अशक्त आउटपुटवाल्या प्लेअरसाठी ठीक होतं. आताचे मोबाईलला हेडफोन लावायचे डोंगल पूर्ण व्हॉल्यूमला साधारण एक व्होल्ट देतात, त्याला ११ ने गुणलं तर ९ व्होल्टच्या बॅटरीत मावणारच नाही, सिग्नलची डोकी कापली जातील. शिवाय गेन जास्त असला की पॉट अगदी सुरुवातीलाच ठेवून ऐकावं लागतं आणि स्वस्त पॉट तिथे डावं उजवं सारखं देत नाही, एका कानात जास्त येतं. गेन कमी ठेवा, पॉट निम्म्याच्या पुढे वापरा, सुखी राहाल.

०.४७ आणि १०० के मिळून साडेतीन हर्ट्झच्या खालचं सगळं अडवतात, म्हणजे डीसी बंद, आणि कानाला ऐकू येणारं सगळं मोकळं. ०.१ मायक्रोफॅरड लावला तर हीच सीमा १६ हर्ट्झला येते, तेही चालतं, दुकानात ४७४ नसेल तर अडून बसू नका.

पॉटला प्रत्येक रांगेत तीन पाय: एका टोकाला इनपुट सॉकेटची वायर, मधून बाहेर, दुसऱ्या टोकाला ग्राउंड. टोकांची अदलाबदल झाली तर व्हॉल्यूम उलटा फिरेल, नुकसान काही नाही. इनपुट सॉकेट, आउटपुट सॉकेट आणि पॉट, तिघांच्याही ग्राउंडच्या वायरी बोर्डावर एकाच जागी आणा, एकातून दुसऱ्यात अशी माळ करू नका.

तिसरा टप्पा: आयसी आणि खरी परीक्षा

स्विच बंद, बॅटरी काढा. आयसीचे पाय नवीन असताना जरा फाकलेले असतात, टेबलावर अलगद दाबून सरळ करा, खाच खाचेला जुळवून बसवा. हेडफोन लावू नका. बॅटरी लावा, चालू करा, मिनिटभर थांबून आयसीवर बोट ठेवा. जेमतेम कोमट असला पाहिजे, हा आयसी आठेक मिलिअँपिअरच खातो. चटका बसला तर लगेच बंद.

मग मीटर २०० मिलिव्होल्टवर, पॉट शून्यावर, काळी टोच ग्राउंडला, लाल पिन १ ला आणि नंतर पिन ७ ला. चारदोन मिलिव्होल्ट दिसले की छान. १० च्या पुढे असेल तर पिन २, ३ आणि ५, ६ चे जोड पुन्हा बघा. ५० च्या पुढे किंवा थेट व्होल्टमध्ये असेल तर हेडफोन त्याच्या जवळही नेऊ नका, बहुतेक १०० के ग्राउंडला पोचलेला नाही. ही मोजणी टाळून महागाचा हेडफोन लावलेला आणि तो जळालेला मी डोळ्यांनी पाहिलाय, फार वाईट वाटतं.

आकडे बरोबर आले तरी पहिलं गाणं रस्त्यावरच्या शंभर रुपयांच्या इअरफोनवरच ऐका. पाच मिनिटं नीट चाललं की मग आपला हेडफोन.

ऐकायला काय लावायचं, तर माझ्यासाठी तानपुरा. एखाद्या ख्यालाचं रेकॉर्डिंग लावा, गायक थांबतो आणि मागे फक्त तानपुरा राहतो ती जागा ऐका. अॅम्पमध्ये खरखर असेल, एक कान दुसऱ्यापेक्षा हलका असेल, तर तिथे लगेच कळतं, ढोल ताशात ते झाकलं जातं.

पेटीत बसवताना

बॅटरीची जाडी साडेसतरा मिलिमीटर असते, पेटी बंद करून आतली उंची तेवढी मिळते का ते भोकं पाडायच्या आधी मोजा. आतून लाकडाचा तुकडा लावून खिळ्याने खूण करा, मग ड्रिल, मग गोल कानस, नाहीतर पातळ पत्रा फाटतो आणि हात कापतो. बोर्डाच्या खाली जाड पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा तुकडा हवाच.

आणि इथेच तो चिकटवलेला कागद परत वाचा. सॉकेटची धातूची मान पेटीला टेकते आणि ती ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे पेटी म्हणजे ग्राउंड. ते चांगलंच आहे, मोबाईलची टकटक बाहेर अडते. पण बॅटरी मायनसची एखादी उघडी वायर त्याच पत्र्याला लागली तर ग्राउंड आणि मायनस शॉर्ट, निम्मा सप्लाय गेला. बॅटरीभोवती इन्सुलेशन टेप गुंडाळा, क्लिपचे जोडही टेपमध्ये.

ह्याच कारणासाठी बॅटरी वाचवायला म्हणून लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवायचा प्रयत्न नको. गाणंही त्याच लॅपटॉपमधून येत असेल तर हेडफोन सॉकेटचा ग्राउंड आणि यूएसबीचा मायनस लॅपटॉपच्या आत एकच असतात, तुमचा मधला ग्राउंड थेट मायनसवर जाऊन बसतो. बॅटरीवर हा प्रश्न नाही, मोबाईल चार्जिंगला असला तरी नाही.

काही बिघडलं तर ह्या क्रमाने बघा. दोन्ही कान बंद: सप्लाय, मग आउटपुट सॉकेटचा ग्राउंड. एक कान बंद: त्या बाजूचे जोड, सॉकेटची पट्टी. गायकाचा आवाज गायब आणि वाद्यं लांबून आल्यासारखी: आउटपुटचा ग्राउंड तुटलाय, दोन कान एकमेकांतून वाजतायत. पेटीला हात लावला की गुणगुण थांबते: पेटी ग्राउंडला नीट जोडलेली नाही. पॉट फिरवताना खरखर: पॉट खराब, नाहीतर इनपुटकडून डीसी येतोय.

अल्कलाईन बॅटरी घेतली तर चाळीस तासांच्या आसपास चालते, साध्या झिंक कार्बनवर त्यापेक्षा बरीच कमी. रिचार्जेबल ९ व्होल्टवाल्या मिळतात पण त्यांतल्या बऱ्याच प्रत्यक्षात ८.४ व्होल्टच्या असतात, जोरात ऐकताना थोडं लवकर फाटतं, एरवी चालतात. एलईडीवर विसंबू नका, तो बॅटरी पार उतरली तरी मंद का होईना लागलेला असतो. ठोक्याला आवाज चिरका यायला लागला की मीटर लावा, चालू असताना ७ च्या खाली दिसलं तर बॅटरी बदला. महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा, आत गळली तर बोर्डही खाते आणि पेटीही.